येसाजीचा नेम

कापडे, ता. पोलादपूर
१४ सप्टेंबर १९९७

हफिजा,

केळी कच्ची होती. भिंतीला मारली असती तर भिंत फुटली असती. यष्टीच्या कंडक्टरच्या हाती घड धाडलात, त्यानं तो माझ्या हातात दिला आणि वर दात काढून बोलला, "आजी, दिवाळीपर्यंत पिकतील." गणपती माझा पाच दिवसांचा आणि केळी दिवाळीची! आणि केळ्यांचं एक वेळ जाऊ दे, माणूस कुठं हाय? सावित्रीला पूर आला त्या साली तुझा माणूस कमरेएवढ्या पाण्यातून घड डोक्यावर घेऊन आला होता. दरसालचा पाट मी मांडून ठेवला होता. त्यावर शेवटी मांजर बसलं.

आता नमस्कार. तू बरी असशील. मी हाय तशीच, उठताना गुडघे बोलतात. मी दुसरीत शाळा सोडली, तेव्हा तुझी सून हे वाचून दाखवताना जोडाक्षरांना हसली तरी चालेल, पण मजकूर गाळू नको म्हणावं.

मुद्दा असा. मे महिन्यात आमच्या नातीच्या, सेजलच्या लग्नाला तुम्ही आलात, जेवलात, आणि त्या दिवसापासून माझा म्हातारा आणि तुझा म्हातारा एकमेकांशी बोलत नायत. माझ्या म्हाताऱ्याचं नाव मी घेत नाय, तुला ठावं हाय. पण त्याच्या तोंडी मात्र बारा महिने तुझ्याच माणसाचं नाव असायचं. गाय आटली, "जुल्फिकार आला की बघू." कौल फुटलं, "जुल्फिकार आला की बघू." जावई कसा हाय रे, "जुल्फिकारला विचारू." आता ते नाव बंद झालंय आणि सगळी कामं तशीच पडलीत. पावसाळा सरत आला, कौल अजून फुटकंच हाय. मी खाली टोप लावलाय.

मला आठवतंय, जुल्फिकारभाऊ लॉरी घेऊन भात खरेदीला आले होते. भाव करता करता खुंटीवरची ठासणीची बंदूक दिसली आणि भाव राहिला बाजूला. "कशी उडते? किती दारू घालतोस?" तेव्हापासून दोघांचं रान सुरू झालं. लोकांचे नवरे दारू पितात, जुगार खेळतात, आमचे ढोरांसारखे डोंगर चढले. पुढं कायदा आला, शिकार सुटली, आता बंदूक नुसती राखणीला, डुकरं भातात शिरली की हवेत बार काढायला. पण तोंडानं शिकार चालूच होती. दोघं राखणीला शेतातल्या माळ्यावर बसले की मेलेली जनावरं पुन्हा पुन्हा मारायचे.

भात पोटरीला आलंय. थोड्याच दिवसांत डुकरं उतरतील. दरसाल भाऊ राखणीला येऊन राहतात. यंदा म्हातारा एकटाच माळ्यावर जाऊन बसतो आणि पत्र्याचा डबा वाजवतो. डबा पण असा वाजवतो की मयताला निघाल्यासारखं वाटतं.

तुझा माणूस लग्नात काय बोलला ते मला कळव. माझा दगड काय सांगत नाय.

आवडी


महाड
२३ सप्टेंबर १९९७

आवडीबाई, सलाम.

केळी मी स्वतः निवडली होती. पिकलेला घड यष्टीत चेंगरला असता, मग तुम्ही शिरा पाठवला म्हणून रागावला असता. मी शाळा शिकले ती उर्दू, म्हणून हे सून माहरुख लिहिते आहे. मी सांगते तसंच लिही म्हणून तिला ताकीद दिली आहे.

तुमच्या पत्राचं ह्यांना सांगितलं. नुसतं "हं" म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही मांडवात काय बोललात? तर म्हणाले, "काय बोललो? भेकराची गोष्ट सांगितली. दर लग्नात सांगतो."

ती गोष्ट माझ्या घराच्या भिंतींनाही पाठ आहे. येसाजीभाऊ म्हणे नेम धरायचे भेकराच्या मानेवर आणि गोळी लागायची मागच्या पायाला. मग भेकर तीन पायांवर पळायचं आणि हे सुरी घेऊन त्याच्या मागे, करवंदीच्या जाळीतून, ओढ्यातून, लुंगी एका हातात धरून. जनावर जिवंत सापडलं आणि बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरली, तरच ते आमच्या घरात शिजायचं. गोळीनं आधीच मेलेलं आम्हाला चालत नाही. म्हणून ह्यांची धावाधाव. शेवटी ठरलेलं वाक्य: "बंदूक येसाजीची, पण शिकार माझ्या पायांची!" नवऱ्या मुलाकडची वरंधची माणसं पोट धरून हसली म्हणे. येसाजीभाऊसुद्धा हसले. मग निघायच्या वेळी हे हाका मारतात तर भाऊ गोठ्यात जाऊन बसले, बाहेर येईनात. ह्यांनी अंगणात उभं राहून वाट बघितली. शेवटी गाडी सुटेल म्हणून निघाले. "चाळीस वर्षांत मला वेशीपर्यंत सोडल्याशिवाय तो राहिला नाही, आणि आता नातजावई शहरात नोकरी करणारा मिळाला तर गोठ्यात बसतो?" असं ह्यांचं म्हणणं. मला वाटतं नव्या सोयऱ्यांसमोर थट्टा झाली त्याचाच भाऊंना राग आला.

आता खरी गोष्ट, जी ह्यांनी तुमच्याकडे कळवू दिलेली नाही. कुवेतच्या कमाईतून आमच्या मुलानं, जुनैदनं, मुंब्र्याला जागा घेतली आहे. रमजानच्या आधी आम्हा दोघांना तिकडे न्यायचं म्हणतो. महाडचं घर बंद. ह्यांचं वय झालं, छातीचं दुखणं आहे, एकदा तिकडे चौथ्या मजल्यावर बसले की कापड्याचा डोंगर कुठला परत चढणार? मी म्हटलं, जाण्याआधी एकदा भाऊंना भेटून या. तर म्हणाले, "तो गोठ्यातून बाहेर आला की सांग."

न भेटता गेले तर ही भेट राहिली ती राहिलीच. मला एवढीच काळजी आहे. तुम्ही तिकडून काही करा.

हफिजा

ता. क. आजी, जोडाक्षरं फारशी चुकलेली नाहीत. मांजराला मात्र मी हसले. — माहरुख


कापडे
४ ऑक्टोबर

हफिजा,

थट्टेचा राग? गो, ती गोष्ट आमचा म्हाताराच भाऊंना सांगायला लावतो. मांडवात कोण नवा पाहुणा दिसला की लगेच, "जुल्फिकार, भेकराचं सांग." स्वतःची फजिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्याला पानासारखी तलफ लागते. तेव्हा तू सांगितलंस ते कारण माझ्या डोक्यात शिरेना.

मग मी माझ्या रीतीनं घेतलं. बाप्या माणसाला बोलतं करायचं तर त्याच्या कानाशी भुंकून उपयोग नाय, पोटाकडून जायचं. घरात सुकट होती, पण दिली नाय. सकाळी नुसती पेज, संध्याकाळी नुसती पेज. मीठ पण बेतानं. पहिल्यांदा वाटलं त्याला कळतच नाय. मग वाडगं खाली ठेवून बोलला, "तुला काय पायजे ते सांग आणि सुकट भाज."

मी बोलले, "गोठ्यात का बसलास?"

तेव्हा कुठं सुटला. जेवणं झाल्यावर भाऊ त्याला बाजूला घेऊन गेले, गोठ्यापाशी. खांद्यावर हात ठेवला. आवाज मऊ केला. आणि बोलले, "येसाजी, मी सगळ्यांत हसतो, तू मनाला लावून घेऊ नकोस. नेम ही वरच्याची देणगी, सगळ्यांना नसते. तुझी नजर तरुणपणापासूनच अधू होती. जुनैदला सांगतो, चांगला चष्मा करून देईल."

मी बोलले, "मग? चष्मा फुकट मिळत होता, त्यात रडण्यासारखं काय?"

तर बोलला, "हसत बोलला असता तर मी पण हसलो असतो. तो खरंच बोलत होता. मला वाटायचं, त्याला ठावं हाय आणि तो गंमत करतो. मी पण गंमत करायचो. आणि त्या दिवशी त्याचं तोंड बघितलं, त्याला माझी कीव आली होती."

"काय ठावं हाय?" मी विचारलं.

मग त्यानं ते सांगितलं. इतकी वर्षं ह्याच्याशी संसार केला, पोरं झाली, नातवंडं झाली, आणि ही गोष्ट मला आत्ता कळते! मी सुकट भाजली. जरा जास्तच भाजली. तर लगेच मला शपथ घातली, गळ्याला हात लावून, की हे जुल्फिकारला सांगायचं नाय. बोलला, "सांगून कळायचं असतं तर मी तेव्हाच सांगितलं असतं."

मी शपथ मोडणारी बाई नाय. म्हणून सांगत नाय. पण विचारायचं नाय अशी शपथ त्यानं घातलेली नाय. तेव्हा तू भाऊंना माझ्यातर्फे एवढंच विचार: भेकराला पायात लागायची, बरं. डुकराला कुठं लागायची?

का विचारते ते मला विचारू नको. आणि तू पण डोकं चालवू नको. ज्यानं धावाधाव केली त्यालाच चालवू दे.

मुंब्र्याचं मी इकडं बोललेले नाय. आधी हा गुंता सुटू दे.

आवडी


महाड
१३ ऑक्टोबर

आवडीबाई,

तुम्ही माझ्याकडून काय करवलंत!

रात्री ताटं मांडली होती, बोंबलाचं कालवण होतं. मी आपली साधेपणानं विचारून बसले. ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. "तोबा! जेवताना कुठलं जनावर काढतेस?" मी म्हटलं, मी नाही, आवडीबाई काढतात. तर हसले. मग रंगात आले, जसे नेहमी येतात. "डुकराला? डुकराला कपाळात. वरंधचा तो एका सुळ्याचा, आठवतो? कपाळात. पाचाडकडच्या ओढ्यातला, कपाळात. जागच्या जागी बसायचं, पाय झाडायचं नाही. डुकरामागे मला कधी धावावं लागलंच नाही." असं म्हणत स्वतःच्या कपाळावर बोट टेकवून दाखवलं.

आणि ते बोट तिथंच राहिलं.

मी म्हटलं, अहो, काय झालं? माहरुखनं पाणी दिलं, घेतलं नाही. हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी नुसता चहा. काल सकाळी न सांगता बाजारात गेले आणि लाल डोळ्यांनी परत आले. आज मला म्हणाले, "कागद दे." कशाला ते सांगत नाहीत. मला वाटतं अन्नावर बसून त्या जनावराचं नाव घ्यायला लावलं म्हणून त्यांचं मन विटलं. भांडण मिटवायला निघालो आणि नवं लावून बसलो. आता ह्याला जबाबदार तुम्ही.

हफिजा


महाड
१४ ऑक्टोबर १९९७

येसाजी,

तू एक नंबरचा लबाड माणूस आहेस. तुझ्याइतका लबाड मी भाताच्या व्यापारात पाहिला नाही, आणि तिथे लबाडांची कमी नाही.

चार रात्री झोप नाही मला. आडवा झालो की सगळी जनावरं ओळीनं येऊन उभी राहतात. वरंधला रान उठवून हाका घातला होता, तेव्हा सकाळी डुक्कर निघालं, चढावर, पळतं. तुझी गोळी कपाळात. दुपारी त्याच रानात भेकर निघालं, सपाटीला, उभं. तुझी गोळी मागच्या पायात. बंदूक तीच, दारू तीच, माणूस तोच. पळत्या डुकराच्या कपाळात मारणाऱ्याला उभ्या भेकराची मान दिसत नाही? मूठभर भात हातात घेऊन ओलावा सांगतो मी. आणि डोळ्यांसमोरचं हे मला इतकी वर्षं दिसलं नाही! चष्मा मलाच पाहिजे होता.

तरी मी म्हटलं, नाही, असेल योगायोग. मग आठवलं. ज्या साली मला टायफॉईड झाला, मी खाटेवर होतो, तेव्हा तू कापड्याच्या महादूला घेऊन गेला होतास आणि भेकर पाडलं होतंस. महादू परवा बाजाराला आलेला. त्याला कोळणींच्या गर्दीत गाठला आणि विचारलं, "त्या भेकराला कुठं लागली होती रे?" म्हणाला, "मानेत. जागेवरून हललं नाय." मी तिथेच एका टोपलीवर बसलो. कोळीण शिव्या देत होती, ऐकू आल्या नाहीत.

म्हणजे मी नसलो की मानेत. मी असलो की पायात. मी खात नाही त्या जनावराच्या कपाळात, आणि मी खातो त्याच्या पायात, म्हणजे सुरी पोचेपर्यंत त्यात जीव राहावा. आणि पळत्या जनावराच्या पायाचा नेम मानेपेक्षा अवघड असतो हे मी तुला सांगायला पाहिजे का?

माझ्या घरात ते मटण शिजायचं. जुनैद एवढासा होता, हाडं चोखायचा. मी त्याला सांगायचो, "येसाजीकाकाचा नेम चुकला म्हणून आज तुला जेवायला मिळालं." पोरगं हसायचं, मी हसायचो.

मी माफीबिफी मागणार नाही. ज्यानं मला करवंदीतून फरफटत पळवलं, माझ्या नडग्यांवरचे ओरखडे अजून गेले नाहीत, त्याची मी माफी मागू? तू मागायची. तोंड नव्हतं तुला? एकदा म्हणाला असतास, "जुल्फ्या, मी मुद्दाम करतो." मी लॉरी भरून गावभर सांगत फिरलो की ह्याला नेम नाही, आणि तू पान चघळत ऐकत बसायचास. गोठ्यापाशी बोललो ते मात्र परत घेतो. तेवढंच.

आणखी एक. रमजानच्या आधी जुनैद आम्हाला मुंब्र्याला नेतोय, कायमचं. हे मी तोंडानं सांगणार होतो. तू गोठ्यात होतास.

जुल्फिकार


कापडे
२२ ऑक्टोबर

जुल्फिकारभाऊ,

तुमचं पत्र काल आलं. पाकीट म्हाताऱ्यानं फोडलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, आणि शेवटी मलाच वाचायला दिलं. आता त्याची नजर खरंच गेली हाय, तेवढं तुमचं बरोबर.

मी अडखळत वाचत होते, तो खांबाला टेकून ऐकत होता. लबाड बोललात तिथं खूश झाला. महादूचं आलं तेव्हा मात्र ताडकन उठला. "महादूला काय ठावं? मानेत नाय, कानाच्या मागं लागली होती! माने-कानातला फरक कळत नाय आणि साक्ष द्यायला निघाला!" आता गावात महादूचं आणि त्याचं वाजलंय. एक मिटवायला गेलं की दुसरं उभं राहतं.

मी त्याला विचारलं, उत्तर काय लिहू? तर बोलला, "उत्तर कशाला? ज्यानं एवढी भेकरं पळून धरली त्याला एक यष्टी धरता येत नाय?"

मुंब्र्याचं मी मुद्दाम सावकाश वाचलं. ते ऐकून उठला. कोयता घेऊन गेला आणि संध्याकाळपर्यंत माळ्याच्या शिडीशी झटत होता. मी बघून आले. जुन्या पायऱ्यांच्या मधे मधे नव्या पायऱ्या बांधल्यात. त्याला त्यांची गरज नाय, तो अजून माकडासारखा चढतो. तेव्हा कुणासाठी ते तुम्ही ओळखा, तुम्हाला आता ओळखता यायला लागलंय.

भात पिकलंय. डुकरं तुमच्या रुसव्याची वाट बघणार नायत. सकाळच्या गाडीनं या. छातीच्या गोळ्या विसरू नका. मी उचलून नेणार नाय.

आवडी


कापडे
१५ नोव्हेंबर १९९७

हफिजा,

तुझा माणूस तुला परत मिळाला असेल. नीट तपासून घे, मी दिला तेव्हा सगळा जागेवर होता. सोबत नव्या तांदळाचं गाठोडं दिलंय. त्यात वाटाण्याएवढे खडे निघाले तर मला शिव्या दे, पण ते पाखडायचं काम दोघा म्हाताऱ्यांनी केलंय हे ध्यानात ठेव.

तू विचारशील, भेटले कसे. मला वाटलं होतं गळ्यात गळे घालतील, म्हणून मी आधीच चुलीपाशी जाऊन बसले, असलं मला बघवत नाय. तर आवाजच नाय. वाकून बघितलं. म्हातारा ओट्यावर उभा, भाऊ अंगणात उभे. भाऊ बोलले, "लबाड." म्हातारा बोलला, "चहा घे." झालं. एवढ्यासाठी मे महिन्यापासून माझ्या डोक्याला ताप!

मग दोघं माळ्यावर गेले. भाऊंनी नव्या पायऱ्यांवर पाय टाकला, शिडीकडं बघितलं, आणि वर चढायला त्यांनी लय वेळ लावला. मग काय विचारतेस. कायद्याच्या आधीच्या एकेका जनावराची उलटतपासणी. "पाचाडच्या भेकराला मुद्दाम?" "मुद्दाम." "आणि ओढ्यातल्या?" "ते पण." "मग त्या वेळी मी घसरून पडलो, गुडघा फुटला, तेव्हा तू वर उभा राहून हसत होतास!" "हसलो, कारण भेकर तुझ्या मागं उभं होतं आणि तू पुढं शोधत होतास." माझ्या घरापर्यंत ऐकू येत होतं. राखण चालली होती की कज्जा, देव जाणे. सकाळी बघते तर माळ्याच्या पाठीमागचा अख्खा वाफा डुकरांनी लोळवलेला. मी विचारलं, "डबा का नाय वाजवलात?" तर दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. शाळेतली पोरं बरी.

रंगूबाई कापणीला आली होती, ती मला बोलली, "आवडे, ह्यांच्यापेक्षा बुजगावणं बरं, ते निदान गप्प तरी उभं राहतं."

जायच्या दिवशी म्हातारा थांब्यापर्यंत सोडायला गेला. कधी येतो म्हणून मी वाट बघतेय, तर दुपार झाली, येईना. मग संध्याकाळच्या गाडीनं पोलादपुरातून येऊन उतरला. भांडण अर्ध्यात होतं म्हणून भाऊंबरोबर गाडीत चढला म्हणे, आणि कंडक्टरनं तिकीट मागेपर्यंत त्याला कळलंच नाय की आपण कुठं चाललोय. भाऊ पुढं महाडला गेले, हा पोलादपूरच्या स्टँडवर भजी खाऊन परत आला.

आता हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते.

काल मी भात वाळत घालत होते, तो शेजारी बसून कोंबड्या हाकत होता. मी सहज विचारलं, "काय रे म्हाताऱ्या, सगळीच्या सगळी मुद्दाम मारलीस? एक पण चुकली नाय?" मला वाटलं फुशारकी मारेल. तर इकडं तिकडं बघून बोलला, "पहिली चुकली."

"कुठली पहिली?"

तर ऐक. सेजलचा बाप माझ्या मांडीवर होता त्या साली. त्याच्या आधी भाऊ रानात यायचे ते नुसते हौस म्हणून. जनावर पडायचं ते मरूनच पडायचं. मग आमची माणसं वाटे घालायला बसायची, डोकं गोळीवाल्याचं, एक वाटा कुत्र्यांचा, एकेक हाकेवाल्यांचा. आणि दिवसभर आमच्याबरोबर डोंगर तुडवलेला माणूस बाजूला दगडावर बसून पाणी प्यायचा आणि रिकाम्या हातानं महाडला जायचा. मी त्या दिवसांत त्यांना निघताना दोन अंडी बांधून द्यायची, ते मला आठवतं.

त्या दिवशी म्हाताऱ्यानं नेम मानेवर धरला होता आणि लागली पायाला. लाजेनं मेल्यासारखं झालं, बोलला. बंदूक फेकून द्यावी असं वाटलं. तेवढ्यात बघतो तर भाऊ लुंगी खोचून, सुरी काढून, आरोळी देत जाळीत घुसलेले. धरलं भेकर. आणि वर आले तेव्हा पायातून रक्त येत होतं आणि तोंडभर हसत होते. "येसाजी, आज माझ्या घरी पण शिजणार!" वाटे घालताना पहिल्यांदा ते दगडावरून उठून माणसांत येऊन बसले.

म्हातारा बोलला, "त्याचं ते तोंड बघितलं आणि पुढच्या वेळी नेम खाली आणला. मग तो खालीच राहिला."

म्हणजे भाऊ गावभर जे सांगत होते ते अगदीच खोटं नव्हतं. एका गोळीपुरतं खरं होतं. मी बोलले, मग हे माळ्यावर का नाय सांगितलंस, मारे ऐटीत सगळी मुद्दाम म्हणून सांगत होतास? तर बोलला, "इतक्या वर्षांनी त्यानं मला नेमबाज मानलं, चार दिवस तरी भोगू दे." आणि बघ, या खेपेला त्यानं मला शपथ घातली नाय. म्हातारा काय काय विसरतो, पण हे विसरला असं मला वाटत नाय. तेव्हा माहरुखला सांग, हे भाऊंसमोर मोठ्यानं वाच, आणि "पहिली चुकली" हे दोनदा वाच.

मुंब्र्याला गेल्यावर घर लागायला दिवस जातील, ठावं हाय. तरी या पत्राचं उत्तर तू द्यायचं नाय, माहरुखनं पण द्यायचं नाय. भाऊंनी आपल्या हातानं लिहायचं, नव्या जागेचा पत्ता वर ठळक घालून, आणि पाकिटावर माझं नाव घालायचं नाय, त्यांच्या मित्राचं घालायचं. इकडून पण मी लेखणी धरणार नाय. चष्मा करायला त्याला उद्याच पोलादपूरला धाडतेय. आपण दोघींनी पुष्कळ लिहिलं गो. आता भांडण त्यांचं हाय, त्यांनीच लिहावं आणि त्यांनीच उत्तर द्यावं.

आवडी